रेणूच्या मांडीतलं बोलणं

अक्का,

तुमच्या शोकसभेत तुम्ही जागतिक कीर्तीच्या झालात. हे तुम्हाला कळवलं पाहिजे असं वाटलं, कारण जिवंतपणी ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली नव्हती. सभागृहाच्या दारात फ्लेक्स होता. त्यावर तुमचा कुठल्याशा परिषदेतला फोटो, मागे डीएनएची पिळाची शिडी, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, त्यातले काही तुमच्या फोटोपेक्षा मोठे. एका वक्त्यांनी तुम्हाला 'विज्ञानाची धगधगती मशाल' म्हटलं. त्यांच्या नंतरच्यांनी सांगितलं की तुटलेले स्नायू जोडायचं औषध तुम्ही शोधून काढलं होतं. मी दाजींकडे बघितलं. तुमचे यजमान खाली मान घालून बसले होते, पण त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, तरी कळलं. तुम्ही असता तर मागच्या रांगेतून उभं राहून मोठ्यानं म्हणाला असता, "उंदरात तरी."

तुमचं ते पालुपद. नांदेडच्या प्रयोगशाळेत तुम्ही आयुष्यभर उंदरांचे दुखावलेले स्नायू बघितलेत, आणि माणसांबद्दल कुणी काही ठासून बोललं की तुम्हाला अस्वस्थ व्हायचं. स्नायू असा भरून येतो, उंदरात तरी. घरातही तेच. नवरा म्हातारपणी समजूतदार होतो असं तुमच्या आई एकदा म्हणाल्या, तेव्हा दाजींसमोर तुम्ही शांतपणे म्हणालात, "उंदरात तरी." दाजी हसले होते. शोकसभेत त्यांच्या ओठांवर तेच शब्द होते आणि चेहरा दुसराच होता.

पण मी फ्लेक्ससाठी लिहायला बसलेले नाही. परवा माझ्या रेणूची निवड चाचणी आहे. खो-खोच्या संघात ती राहते की जाते ते परवा ठरेल, आणि तिची मांडी टिकते की परत फाटते तेही. तिचे सर रोज फोन करतात, "ताई, पोरगी फिट हाय, तुम्ही उगं धरून बसलाव." रेणू नुसती माझ्याकडे बघते. आणि मी दिवसभर एकच वाक्य तोंडात घोळवत घरभर फिरते, जे बोलायला तुम्ही मला बंदी घातली होती. 'दुखतंय का?'

माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही 'आल्यावर सांगते' म्हणून ठेवून दिलंत. तुम्ही आला नाहीत.

सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी पुन्हा सांगते. गेलेल्या माणसाला सांगायला त्याला माहीत असलेल्याच गोष्टी उरतात.

तुमची भाची खांबाकडे पळणाऱ्या गड्याला गाठायला गेली आणि तिनं सूर मारला. धावता धावता सगळं अंग जमिनीलगत फेकायचं, हाताच्या बोटांनी गड्याला शिवायचं. हे तिनं शेकडो वेळा केलं असेल. त्या दिवशी मांडीच्या मागून फट्‌ असा आवाज तिलाच ऐकू आला. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं की हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, अर्धवट फाटलाय, ऑपरेशन नको, फिजिओथेरपी लागेल आणि वेळ लागेल. आपल्या लातुरात वेळ लागेल हे कुणालाच पटत नाही. इथं डॉक्टर होण्याचेसुद्धा झटपट क्लासेस आहेत. मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते, म्हणजे त्या क्लासमध्ये जागून थकलेली मुलं माझ्या तासाला झोपायला येतात. मुद्दा असा की संध्याकाळपर्यंत आमचं घर उपायांनी भरलं. शेजारच्या काकू बर्फ घेऊन आल्या. समोरच्या काकू वीट तापवून, फडक्यात गुंडाळून आल्या. सरांनी कसलासा फवारा आणला. आणि तुमच्या आईंनी, माझ्या सासूबाईंनी, तिळाचं तेल कोमट करून मालिशवाल्या बाईंना निरोप धाडला. रेणू पालथी पडून उशीत तोंड खुपसून होती. मी मध्ये उभी राहून तिला विचारत होते, दुखतंय का.

तुम्ही दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बसनं आलात तेव्हा हे सगळे परत जमलेले होते. विद्यापीठात तुमची मराठी छापल्यासारखी असायची. आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला की तुम्ही बोलायला थेट उदगीरच्या व्हायचात.

"हे काय चालवून राहिलाव? सत्यनारायण हाय का?"

"पोरीची शीर आखडली बाई," आई म्हणाल्या. "चोळून मोकळी करावं लागंल."

"आई, शीर न्हाई. धागे तुटलेत. आता चोळलीस तर आतलं रक्त आणखी पसरंल. ते तेल तुझ्या गुडघ्याला लाव."

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

"मग डोस्क्याला लाव. पण हिच्यापासून लांब ठेव."

मग तुम्ही पलंगाच्या कडेला बसलात, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलंत आणि म्हणालात, "आता समद्यांनी गप बसा बरं. हिच्या मांडीत आधीच लई बोलणं चालू हाय."

उशीतून रेणूचं डोकं वर आलं. कालपासून पहिल्यांदा. "कोण बोलतंय आत्या?"

अक्का, त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते मी विसरू शकत नाही. तुम्ही गेल्यावर नांदेडच्या घरात मला ते शब्दशः बघावं लागलं.

"मयताच्या घरी काय होतं, बघितलीस का कधी?" तुम्ही विचारलंत.

"तिन्हीसांजेचं काय हे अभद्र," आई म्हणाल्या.

"अगं, धागा मेलाय म्हणून सांगून राहिले. स्नायूचा धागा म्हणजे एक लांबच लांब पेशी. ती फाटली की आतलं सगळं बाहेर सांडतं. ते सांडणं म्हणजेच हंबरडा. तो ऐकून पहिल्यांदा धावत येतात त्या पांढऱ्या पेशी. लई गोंधळ घालतात. मदत करता करता धड भांडीबी फोडतात. त्या काही फार टिकत न्हाईत. मग येतात भक्षक पेशी. मेलेलं उचलायचं, खायचं, जागा साफ करायची. आणि गंमत बघ रेणू, ते खाऊन खाऊन त्यांचा स्वभावच पालटतो. आधी ज्या आरडत होत्या, त्यातल्याच मग पिठलं-भाकरी घेऊन येतात."

"कडू घास," रेणू म्हणाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण आणतात, तो कडू घास. तिच्या आजोबांच्या वेळचा तिला आठवत होता.

"हाव. तोच. आता ऐक. धाग्याच्या कडेला एक पेशी झोपलेली असती. वर्षानुवर्षं. पुस्तकात तिला उपग्रह पेशी म्हणतात, जणू आभाळात फिरती. फिरत-बिरत काही न्हाई, पडून असती. हा कल्ला ऐकून ती जागी होती. तिच्या लेकी होतात, त्या एकमेकींत मिसळून नवा धागा बनतो. पण समद्याच न्हाई मिसळत. एखादी लेक परत जाऊन कडेला झोपती, पुढच्या वेळेसाठी."

"आणि पाहुणे?" रेणूला आता गोडी लागली होती. "आजोबांच्या वेळी गावाकडून किती पाहुणे आले होते."

"पाहुणेच तर! मांडव घालणाऱ्या पेशी. पडलेल्या घराला टेकू देतात, त्या झोपाळूला खाऊपिऊ घालतात, 'ऊठ बाई, वाढ बाई' म्हणतात. त्यांच्याबिगर भागत न्हाई. पण काम झालं की निघायचं. भक्षक पेशीच त्यांचा मुक्काम हलवतात. न्हाई हलल्या तर तिथंच ठाण मांडतात, आणि बसून बसून एक तर चरबी होतात न्हाईतर वण. मग ती मांडी जन्मभर अवघडलेली."

मग समोरच्या काकू वीट घेऊन उठल्या. त्यांच्या पाठोपाठ बर्फ गेला. सरांनी फवारा खिशात घातला.

"उंदरात तरी," तुम्ही त्यांच्या पाठीला उद्देशून म्हणालात. रेणू हसली आणि हसताना मांडी ओढली म्हणून कळवळली.

तुमच्या क्षेत्रातलं मला एवढंच कळतं, आणि तेही तुम्ही मयताच्या घरातून सांगितलंत म्हणून. पाठ्यपुस्तकात हेच 'आंतरपेशीय संदेशवहन' या नावानं आलं असतं आणि मी पान उलटलं असतं.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, हे तुम्ही लक्षात घ्या.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टबाई म्हणत होत्या की सूज उतरली की हळूहळू चालवायचं, मग ताण वाढवत न्यायचा. तुम्ही त्यांच्या बाजूनं. मी कुणाच्याच बाजूनं नव्हते, मी रेणूच्या पलंगाच्या बाजूनं होते. तिनं उठूच नये असं मला वाटे. ती चालायला लागली की मी मागे चालायची. ती जिना चढली की मी खालून हात पसरून उभी, जणू ती पडली तर मी झेलणार होते. फोनवर मी तुम्हाला म्हणायची, जखम आहे, तिला विसावा नको का? आणि तुम्ही म्हणायचात, "वजन आल्याबिगर नव्या धाग्याला कसं कळंल कुठल्या दिशेनं भरायचं? तू तिला गादीवर ठेवलीस तर तो गादीवर झोपायलाच शिकंल."

"उंदरात तरी," मी चिडून म्हटलं.

"उंदरात तर हायच. तुझ्या लेकीतबी दिसंल, तू बाजूला सरकलीस तर."

मग तुम्ही ती बंदी घातलीत. "दिवसातनं किती येळा विचारतीस, दुखतंय का, दुखतंय का? शैला, तू ती पहिली पेशी हायस. हाक ऐकून धावत आलीस, लई चांगलं झालं. पण अजून आरडून राहिलीस. पोरगी तुझंच ऐकंल का मांडीचं?"

"आणि तुम्ही उंदरांना विचारता का हो, दुखतंय का म्हणून?"

"विचारते ना. उत्तर देत न्हाईत म्हणून तर कापावं लागतं."

मी फोन ठेवला. खरं तर त्या वेळी एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तुम्हाला लेकरू असतं म्हणजे कळलं असतं, असं ते होतं. आपल्या नात्यात नणंदेला हे ऐकवायची सोय पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलेली आहे, आणि तुम्ही ते दुसऱ्यांकडून ऐकलंही असणार. मी ते गिळलं. तुमच्याशी न बोललेल्या वाक्यांची यादी मोठी आहे, अक्का. त्यातल्या या एकाच वाक्याबद्दल मला बरं वाटतं. बाकीची बोलायची होती. तुम्ही त्या दिवशी बसनं आला नसता तर ती मालिशवाली बाई आली असती, आणि मी, एवढी पुस्तकं वाचलेली, दारात उभी राहून तिला 'जरा हळू' म्हणाले असते, एवढंच. हे तुम्हाला सांगायचं होतं.

शेवटचा फोन मीच केला होता. फिजिओथेरपिस्टबाईंनी दोन्ही पायांची ताकद मोजली होती आणि दोन्ही सारखे आले होते. सर चाचणीची तारीख घेऊन आले होते. सगळे खूश, आणि मला धडकी भरलेली. जोवर दुखत होतं तोवर निदान कळत तरी होतं. आता दुखत नाही म्हणजे बरं झालंय, की नुसतंच गप्प झालंय? मी तुम्हाला विचारलं, "मग कळणार कसं, झालं म्हणून? बाहेरच्यांचं सोडा. आतल्या त्या पेशींना तरी कोण सांगतं, आता पुरे, आता निघा, आता झोपा?"

तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग तुम्ही म्हणालात, "हे चांगलं विचारलीस. रविवारी येते. आल्यावर सांगते."

तुम्ही माझ्या कुठल्याही प्रश्नाला चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ. मी फुशारून सगळ्यांना सांगत सुटले. शुक्रवारी सकाळी दाजींचा फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मला आधी वाटलं ते रविवारचं विचारताहेत.

नांदेडला आम्ही पोचलो तेव्हा घरात रडण्याचा नुसता कल्लोळ होता. जे येतील ते आधी दारातच मोठ्यानं रडत होते, मग आत येऊन काहीतरी काम ओढून घेत होते. कुणी चादरी बदलल्या. कुणी खुर्च्या वर पाठवल्या, कुणी त्याच खाली आणल्या. तुमचं कपाट भिंतीशी सरकवताना दोघा भल्या माणसांनी त्याचा आरसा फोडला. मी काचा वेचत होते आणि मला तुमचं वाक्य आठवलं, धड भांडीबी फोडतात. मला हसू आलं आणि मग रडू आलं. बघणाऱ्यांना क्रम विचित्र वाटला असेल.

मग कडू घास आला. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्या पहिल्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं रडत होत्या, त्याच गप्पपणे पिठल्याचं पातेलं ठेवून गेल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. काही काही माणसं खरोखर पालटतात, अक्का. दाजी जेवत नव्हते. रेणू त्यांच्यासमोर ताट घेऊन बसायची आणि स्वतः आधी घास खायची. मग तेही खायचे.

आणि मला आज आठवून टोचते ती गोष्ट अशी. त्या सगळ्या दिवसांत मी रेणूला एकदाही 'दुखतंय का' विचारलं नाही. तुमच्या घराला लिफ्ट नाही. ती खालून पाण्याचे जार आणत होती, आईंना धरून जिना चढवत-उतरवत होती, पाहुण्यांच्या गाद्या गच्चीवर नेत होती. माझं लक्षच नव्हतं. मी माझ्या रडण्यात होते. तेरवीच्या आदल्या दिवशी ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर जाताना मला दिसली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तोवर ती वर पोचून दिसेनाशी झाली होती.

त्याच दुपारी तुमची विद्यार्थिनी फरहाना आली. धर्माबादची, तुम्ही जिच्याबद्दल 'माझ्यापेक्षा हट्टी' म्हणायचात ती. शोकसभेत तिला कुणी बोलू दिलं नव्हतं. वेळ कमी होता आणि मान्यवर जास्त होते. ती खिचडीचा डबा घेऊन आली आणि मला ओट्यापाशी मदत करू लागली. मी तिला तो प्रश्न विचारला. पेशींना कोण सांगतं, आता पुरे?

ती भांडं विसळता विसळता थांबली. "मॅडमनाबी हाच प्रश्न लई आवडायचा," ती म्हणाली. "एक कोणी न्हाई सांगत, काकू. साहेब नसतोय तिथं. सगळ्या एकमेकींना सांगत राहतात, आणि सांगणं हळूहळू कमी होत जातं. पण त्या झोपणाऱ्या पेशीचं विचाराल, तर तिला नवा धागाच झोपवतो. ती त्याला चिकटून बसलेली असती ना. तो भरला, की त्याच्या अंगावरूनच तिला कळतं. बाहेरून कल्ला चालू असला तर ती झोपत न्हाई. नुसतीच उठत-बसत राहती, आणि शेवटी थकती."

"हे पक्कं आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर तुमचं हसू होतं. "उंदरात तरी," ती म्हणाली.

तेरवी झाल्यावर मला निघवेना. दाजी एकटे कसे राहतील, हे मी सगळ्यांना सांगत होते. दाजींचे एक लांबचे चुलतभाऊ तर बाल्कनीत आपल्यासाठी पलंग कुठं बसेल ते वितीनं मोजू लागले होते. मीही मनात आणखी आठवडाभराचा बेत केला होता. चाचणी आपोआप बुडेल, हेही त्या बेतात कुठंतरी होतं, नाही कसं म्हणू. दाजींनी आमच्या पिशव्या स्वतः दाराशी आणून ठेवल्या.

"वहिनी, आता निघा."

"पण तुमचं जेवणखाण..."

"येतो मला भात. तिचं म्हणणं आठवतंय ना? चरबी व्हायच्या आत निघा." आणि चुलतभावांकडे वळून, जरा मोठ्या आवाजात, "समद्यांनीच."

रेणू खो-खो हसली. त्या घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मोठ्यानं हसलं, आणि कुणालाच ते वावगं वाटलं नाही. दाजी खिडकीत उभे होते. मी खालून वर बघितलं नाही. बघितलं असतं तर परत जिना चढले असते.

बसमध्ये आई माझ्या शेजारी होत्या. पोटची पोर गेली, त्यांना मी काय बोलणार होते? घरी आल्यावर त्यांनी फळीवरची तिळाच्या तेलाची बाटली काढली. मला वाटलं, आता ह्या रेणूकडे जातात. त्या खाली बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि स्वतःच्या गुडघ्याला तेल चोळू लागल्या.

"सांगून गेली हाय," म्हणाल्या.

आता कालचं.

काल संध्याकाळी रेणू मैदानावर गेली. दुखापतीनंतर पहिल्यांदा पूर्ण सराव. मला ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. मी गेले आणि कडेच्या कडुलिंबाखाली उभी राहिले. मुली रांगेत एकाआड एक उलट दिशांना तोंड करून उकिडव्या बसल्या होत्या. तसं बसण्यातच मांडीचा मागचा भाग कसा दबतो ते मी इतके दिवस बघितलंय. तोंडात वाक्य तयार होतं. तिच्या पाठीवर थाप पडली, 'खो', आणि ती उठली.

पळाली. खांबाला वळसा घालून आली. मला मुलगी दिसतच नव्हती, नुसती मांडी दिसत होती. पुढचा गडी खांबाकडे सुटला, अगदी त्या दिवसासारखा, आणि तिच्या टप्प्यात होता. सूर मारायची वेळ होती. तिनं मारला नाही. उभ्यानंच हात पुढे केला, गडी निसटला.

"काय झालं गं?" सर ओरडले. "दुखतंय का?"

माझंच वाक्य, दुसऱ्याच्या तोंडी. ते किती मोठं आणि किती निरुपयोगी असतं, ते मला बाहेरून ऐकल्यावर कळलं.

खेळ थांबला तेव्हा ती पाणी प्यायला माझ्याकडे आली. मी बाटली पुढे केली. दातांवर दात ठेवून उभी राहिले. विचारलं नाही. अक्का, मी विचारलं नाही, हे तुम्ही कुठं असाल तिथं ऐका. ती पाणी प्यायली, झाकण लावलं, परत काढलं. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिनं आपणहून सांगितलं.

"दुखत न्हाई आई. बऱ्याच दिवसांपासून न्हाई दुखत."

तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली.

"भीती वाटली. ती वाटती हे मला आधी कळलंच न्हाई. घरात तूच एवढी भीत होतीस."

मला बोलायचं होतं, मग राहू दे ना, पुढच्या वर्षी जा. हे वाक्यही तोंडात पूर्ण तयार होतं, विरामचिन्हांसकट. मी बाटली तिच्या हातातून घेतली आणि झाकण घट्ट लावत राहिले. तिनं थोडा वेळ वाट बघितली. माझ्याकडून काही येत नाही असं दिसल्यावर तिनं मान हलवली, कुणाला ते मला कळलं नाही, आणि परत रांगेत जाऊन बसली.

पुन्हा थाप पडली. पुन्हा गडी खांबाकडे सुटला. आणि रेणूनं अंग फेकलं.

ती मातीत आडवी झाली ती तशीच राहिली. सर धावले. मी लिंबाखालीच राहिले. फट्‌ असा आवाज आला का, मी आठवून बघत होते. आला असता तरी तो तिलाच ऐकू आला असता, मला कसा येणार? मग तिनं हाताचे पंजे जमिनीवर टेकले, उठली, तोंडातली माती थुंकली, आणि लंगडत नव्हती. रांगेतल्या जागेवर जाऊन पाय दुमडून बसली. एकदाही लिंबाकडे बघितलं नाही.

मी फाटकाकडे वळले. सराव अजून चालू होता. परवा चाचणी आहे. ती जाईल असं मला वाटतं, पण ते ती सांगेल. मला तिथून काही कळायचं नव्हतं, आणि घरी वरणाला फोडणी द्यायची होती.

तुमच्या शोकसभेत मला बोलायला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर एवढंच बोलले असते की अक्कांचं शेवटचं उत्तर मला उशिरा मिळालं, पण मिळालं. भरून आलेलं आतून कळवतं आणि बाकीच्यांनी निघायचं असतं. पुरावा थोडा आहे, तुम्ही रागवाल. म्हणून तुमच्याच रीतीनं सांगते : लातूरच्या एका मैदानावर, एका मुलीत तरी.

तुमची
शैला